पाणी काल होतं तसंच

३ ऑक्टोबर

आलो एकदाचा. दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि बायकोने "तिथे काही म्हणता काही मिळणार नाही" म्हणून कोंबलेले चार साबण, बारा पेनं आणि एक टॉर्च. कोपऱ्यावरच्या दुकानात साबण मिळतात, पेनं मिळतात, टॉर्च तर तीन रंगांत मिळतात. तिला कळवलेलं नाही. संसार टिकवायचा तर थोडी माहिती दडवावी लागते.

घर झकास आहे. काठावरच्या टेकाडावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची खिडकी इतकी मोठी की भांडी घासताना माणसाला आपण काहीतरी भव्य करतोय असं वाटावं. खिडकीबाहेर सगळं पाणीच पाणी. वर दोन किलोमीटरवर धरण, खाली दारांचा बंधारा आणि मधे अडवून धरलेली नदी. लोक तिला तलाव म्हणतात. नदीचं मत कुणी विचारलेलं नाही.

मी इथल्या जलक्रीडा केंद्राचा पाणी-निरीक्षक. बावीस वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं, मंत्र्यांपासून महापौरांपर्यंत सगळ्यांच्या कामचुकारपणाची सालं काढली. मग वर्तमानपत्रानेच मान टाकली. बायकोच्या मोठ्या भावाने आपल्या वर्गमित्राला फोन केला, तो वर्गमित्र इथला व्यवस्थापक निघाला, आणि पन्नाशीत मला पाण्यात उतरवलं गेलं. तक्रार नाही. पाणी निदान संपादकांना पत्रं पाठवत नाही.

४ ऑक्टोबर

माझ्या आधीचे निरीक्षक उद्या निवृत्त होतात. सगळे त्यांना काका म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले नावाडीसुद्धा. आज त्यांनी काम शिकवलं.

सकाळी सहाला रेनकोट आणि गमबूट चढवून एक्केचाळीस पायऱ्या उतरायच्या. खाली लाकडी धक्का. धक्क्याच्या खांबावर रंगवलेली पट्टी आहे, तिच्यावर पाण्याची पातळी बघायची. दोरीला बांधलेला थर्मामीटर हातभर खाली सोडून तापमान घ्यायचं. पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, म्हणजे पाणी किती स्वच्छ ते कळतं. शेवटी ठोकळा. एक लाल लाकडी ठोकळा पहिल्या खांबापाशी पाण्यात टाकायचा आणि दहा मीटरवरच्या दुसऱ्या खांबापर्यंत जायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचं. ती ओढ. मग हिरवा, पिवळा की लाल ते ठरवून झेंडा चढवायचा, वर येऊन नोंदवहीत लिहून सही करायची आणि फोनवर संदेश रेकॉर्ड करायचा. पोहणारे आणि होड्यावाले घरातून निघण्याआधी तो नंबर फिरवून ऐकतात. नोंदवहीत "उतरल्याची वेळ" आणि "परतल्याची वेळ" असे वेगळे रकाने आहेत. मी विचारलं, परतलोच नाही तर दुसरा कोण भरणार? काका हसले नाहीत.

एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. पट्टी खिडकीतून कुणालाही दिसते, पण पट्टी अर्धंच बोलते. वर धरणाची दारं उघडली आणि खाली बंधाऱ्याचीही उघडली, तर पातळी जिथल्या तिथे राहते आणि पोटात मात्र नदी सुसाट धावत असते. पाणीही धरणाच्या तळातलं, बर्फासारखं. ते फक्त ठोकळ्याला आणि थर्मामीटरला कळतं. "बाकी सगळं शोभेचं," काका म्हणाले, "पगार आपल्याला ठोकळ्याचा मिळतो."

जाताना स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची दुर्बीण माझ्यासाठी ठेवून गेले. पक्षी बघायला.

९ ऑक्टोबर

मी प्रसिद्ध झालो आहे. बावीस वर्षांत जे जमलं नाही ते पाच दिवसांत.

झालं असं की तिसऱ्या दिवशी संदेश रेकॉर्ड करताना जिभेला राहवलं नाही. "वारा नाही, लाट नाही. आज नदी बाळंतपण आटोपून माहेरी झोपलेल्या मुलीसारखी आहे, उगाच उठवू नका." दुसऱ्या दिवशी केंद्रात चार जणांनी थांबवून सांगितलं की पोहायला यायचं नसलं तरी आता फोन लावतात. व्यवस्थापकही हसले. ते हसले म्हणजे आधी इकडेतिकडे पाहून घेतलं आणि मग हसले.

सगळ्यात नियमित श्रोत्या म्हणजे बाई. शाळेत भूमिती शिकवायच्या, आता अडुसष्ट वर्षांच्या. रोज पावणेसातला पिवळी टोपी घालून उतरतात, लांब पाण्यात तरंगणाऱ्या बोयापर्यंत जातात आणि परत येतात. येताना मला माझ्या विनोदांचे गुण सांगतात. माहेरच्या मुलीला दहापैकी सहा. बाळंतपण आटोपलेल्या बाईला झोप मिळते हा माझा गैरसमज असल्यामुळे चार कापले, असं म्हणाल्या.

मी विचारलं, रोज एवढ्या लांब जायला भीती नाही वाटत? म्हणाल्या, "तुम्ही बघून ठेवता की."

१४ ऑक्टोबर

कबुली देतो, इथे कोण वाचतंय. परवा पाऊस होता आणि गुडघा ठणकत होता. चहा गाळता गाळता दुर्बिणीतून पट्टी बघितली: कालच्याच रेघेवर. ठोकळ्याचे सेकंद कालचेच लिहिले, तापमान कालचंच. उतरल्याची वेळ सहा, परतल्याची सहा वीस. मग जाऊन झेंडा चढवला, तो वरून दोरी ओढून चढवता येतो. काल पाऊस नव्हता, पण सवय म्हणतात ती लागायला एक दिवस पुरतो. आज पुन्हा तेच.

गेली बावीस वर्षं मी अशा माणसांवर लिहीत आलो. कार्यालयात बसून विहिरी खोदणारे अधिकारी, न पाहिलेल्या रस्त्यांना शेरे देणारे अभियंते. त्यांच्यातला एक जण माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत होता आणि त्याचा गुडघा खरंच दुखत होता. हे मी तेव्हा कधी लिहिलं नव्हतं, की त्यांचा गुडघा खरंच दुखत असेल.

उद्यापासून खाली जायचं.

१९ ऑक्टोबर

सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी रीतसर खाली उतरलो. धुकं होतं. पट्टी कालच्याच रेघेवर. ठोकळा बावन्न सेकंद. पाणी एकोणीस अंश. हिरवा झेंडा. संदेश दिला: "पाणी काल होतं तसंच आहे, आमच्या व्यवस्थापकांच्या विनोदासारखं. हलता हलत नाही."

बाई बुडाल्या.

पावणेसातला उतरल्या. सव्वासातपर्यंत परत आल्या नाहीत तेव्हा नावाड्याने होडी काढली. होडी एकदम आडवी वाहायला लागली तेव्हा त्याला ओढ कळली. नऊ वाजता बंधाऱ्याच्या दारांपुढच्या लोखंडी गजांपाशी सापडल्या.

मी खाली गेलो होतो. पाणी तेव्हा शांत होतं.

२० ऑक्टोबर

बायकोचा फोन. तिच्या भावाकडून तिला कळलं. तिने सरळ विचारलं नाही, ती कधीच सरळ विचारत नाही. म्हणाली, मी भावाला सांगितलं, कचऱ्याची पिशवी खाली न्यायला हा चार दिवस लावेल, पण असल्या बाबतीत नाही, मी ओळखते ना त्याला. मी म्हटलं, हो, गेलो होतो मी. ती म्हणाली, तेच तर. मग जेवलास का विचारलं.

२२ ऑक्टोबर

चौकशी. तीन माणसं, एक टेबल, चहाचे चार कप. व्यवस्थापक, एक डॉक्टर आणि धरणाकडचे एक अभियंता. धरणाची दारं पहाटे पाच दहाला उघडली, बंधाऱ्याची त्याच सुमाराला. सूचनेचा फोन केंद्राच्या कचेरीत वाजला, तिथे आठच्या आधी कुणी नसतं. यापुढे तो फोन थेट मला येईल.

मला एकच प्रश्न. एकोणीस तारखेला सकाळी धक्क्यावर जाऊन प्रत्यक्ष मोजणी केली होती का?

"केली होती."

पुढचं त्यांनीच माझ्यासाठी करून दिलं. व्यवस्थापक म्हणाले, म्हणजे ओढ मोजणीनंतर इथे पोचली असणार. डॉक्टर म्हणाले, शक्य आहे, वयही होतं. अभियंता कागदाकडे पाहत राहिले. दोन किलोमीटर यायला पाण्याला वीस मिनिटं पुरतात. हे गणित मला येतं, त्यांना तर येतंच. मी मान डोलावली. तीन ठिकाणी सह्या केल्या.

बाहेर नावाडी उभा होता. त्याने माझ्या गमबुटांकडे पाहिलं. मग होडीकडे निघून गेला.

२४ ऑक्टोबर

मी गेलो नव्हतो.

वर एकोणीस तारखेला या वहीत जे लिहिलंय ते खोटं आहे. केंद्राच्या नोंदवहीत खोटं लिहिलं ते समजू शकतो, तिथे नोकरी होती. पण इथे? ही वही मी उशीखाली ठेवतो. इथे मी कुणाला फसवत होतो?

त्या दिवशी मी संध्याकाळी पाच वाजता बसून "रीतसर खाली उतरलो" असं लिहिलं. बाईंना गजांवरून काढून आठ तास झाले होते. रीतसर हा शब्द आठवून लिहिला. धुक्यात पट्टीसुद्धा धड दिसली नव्हती. दुर्बिणीत पांढरं दिसलं आणि मी कालचा आकडा लिहिला. ठोकळा पाण्यात टाकला असता तर दहा सेकंदांत गेला असता. एकदा टाकायचा होता.

उद्या केंद्र पुन्हा उघडतंय. व्यवस्थापकांना जाऊन खरं सांगायचं, असं ठरवलंय. हे इथे शाईने लिहून ठेवतो.

२५ ऑक्टोबर

सांगितलं नाही. व्यवस्थापकांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, मनाला लावून घेऊ नका.

पण आज खाली गेलो. सगळ्या एक्केचाळीस पायऱ्या. पट्टी, थर्मामीटर, तबकडी, ठोकळा. पन्नास सेकंद, अठरा अंश, हिरवा. वर आलो, संदेशाचा नंबर फिरवला, तर यंत्र म्हणालं की आजचा संदेश नोंदवून झालेला आहे. मला वाटलं जुना राहिला असेल. ऐकला.

माझा आवाज होता. आजची तारीख. पाणी अठरा अंश. ठोकळा पन्नास सेकंद. हे आकडे माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर होते, अजून कुणाला सांगितले नव्हते. आवाज माझाच, पण माठात तोंड घालून बोलल्यासारखा. शेवटी: "पाणी स्वच्छ आहे. तबकडी दीड मीटरपर्यंत दिसते. खालून पाहिलं तर थोडी जास्त."

मी हसलो. लाज वाटते सांगायला, पण हसलो. विनोद माझ्याच जातीचा होता.

२६ ऑक्टोबर

आज पाचलाच उठलो, संदेश आधी रेकॉर्ड करायचा म्हणून. नोंदवून झालेला.

"पाणी सतरा अंश. तळाला सात. बंधाऱ्याच्या गजांपाशी थोडी ओढ आहे, पण एकदा पाठ टेकली की जाणवत नाही."

माझ्याकडे तळापर्यंत जाईल एवढी दोरी नाही.

केंद्रात दोघांनी सांगितलं, आजचा संदेश छान होता, नेमका. मी विचारलं, शेवटचं वाक्य ऐकलंत? ते म्हणाले, शुभेच्छा दिल्यात ते? ऐकलं की. म्हणजे शेवटचं वाक्य फक्त मला ऐकू येतं.

पायऱ्यांवर ओले ठसे होते. गमबुटांचे. खालून वर येणारे, अकराव्या पायरीपर्यंत. पुढे नाहीत आणि परत उतरणारेही नाहीत. माझ्या डाव्या बुटाच्या टाचेला चीर आहे. ठशांतही होती.

२७ ऑक्टोबर

बाईंची मुलगी आली होती.

दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर आहे. चाळिशीची, आईसारखीच ताठ बसते. सवयीने असेल, मी बोलत होतो तेव्हा ती माझ्या डोळ्यांकडे पाहत नव्हती, तोंडाकडे पाहत होती. मी शक्य तेवढं तोंड मिटून बोललो.

म्हणाली, आई रोज फोन स्पीकरवर लावून तुमचा संदेश ऐकायची. त्या दिवशी मी तिच्याकडेच होते, झोपेतून उठत होते. व्यवस्थापकांवरच्या विनोदाला ती एवढी हसली की टोपी घालताना हसत होती. म्हणाली, आज आठ गुण. आणि गेली.

मग तिने विचारलं. म्हणाली, मला कुणावर खटला भरायचा नाही, कागद मी वाचलेत, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही त्या सकाळी खाली गेला होतात ना?

खिडकीतून पाणी दिसत होतं. मी उत्तर देण्याआधी मधे बराच वेळ होता. खरं सांगता येईल एवढा वेळ होता. तो मी मोजला, कपातला चहा ढवळत.

"गेलो होतो."

ती रडली. म्हणाली, बरं झालं, नाहीतर आयुष्यभर कुणाचा तरी राग करत बसावं लागलं असतं. तिने माझे आभार मानले. माझे. दोन्ही हातांनी माझा हात धरून.

जाता जाता म्हणाली, रविवारी सकाळी पावणेसातला ती आईच्या वाटेने पोहणार आहे. लांबच्या बोयापर्यंत आणि परत. तशी ती फार पोहणारी नाही, पण एकदा करायचंय. "तुम्ही हिरवं म्हणालात की उतरेन," म्हणाली. तिचं कार्ड टेबलावर ठेवून गेली.

मी कप धुतले. तिचा दोनदा धुतला.

२८ ऑक्टोबर

ठसे छत्तिसाव्या पायरीपर्यंत.

सव्वीसला अकरा होते. मधे मी फक्त एकच गोष्ट केली. तिला सांगितलं, गेलो होतो.

आज दिवसभर जुळवत बसलो. मी गेलो होतो असं बायकोला सांगितलं. चौकशीत सांगितलं, तीन सह्यांनिशी. या वहीत लिहिलं. बाईंच्या मुलीला सांगितलं. इतक्या जणांनी विश्वास ठेवला. माझा रेनकोट घातलेला, माझे बूट घातलेला, माझ्या आवाजाचा एक माणूस त्या सकाळी सहा पाचला या पायऱ्या उतरला, हे आता सगळ्यांना माहीत आहे. बायकोला माहीत आहे. सरकारी कागदाला माहीत आहे.

मी तर स्वयंपाकघरात होतो.

मग खाली गेला तो कोण?

नोंदवही काढली. एकोणीस तारीख. उतरल्याची वेळ: ६.०५. परतल्याची वेळ: रिकामी. घाईत भरायची राहिली. चौकशीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणजे मी त्याला खाली पाठवला. आणि वर बोलावलाच नाही. तो तिथेच होता, बाई पाण्यात उतरल्या तेव्हा. शेवटपर्यंत.

२९ ऑक्टोबर

चूक केली.

शहाण्या माणसाने जे केलं असतं ते नाही केलं. मुलीला फोन करायचा होता. कार्ड हातात होतं. नंबराचे शेवटचे दोन आकडे राहिले आणि बायको आठवली. मी ओळखते ना त्याला. फोन ठेवला.

आणि नोंदवही घेतली. वाटलं, रकाना भरला की मिटेल. तो परत आला असं झालं की निघून जाईल — कामावरून सुटलेला माणूस जातो तसा. परतल्याची वेळ: ६.२५. वळणदार अक्षरात लिहिलं.

शाई वाळायच्या आत घराचं पुढचं दार वाजलं. जाळीचं. वाऱ्याने असेल.

वारा नव्हता.

३० ऑक्टोबर

माझे बूट दाराच्या आत, कोरडे. दाराच्या बाहेर माझे बूट, ओले. डाव्या टाचेला चीर. दोन्हींना.

टेबलावर कप होता. मी काढला नव्हता. तळाशी चहा नाही — गढूळ, बारीक वाळू. दुर्बीण खिळ्यावर नाही, खिडकीत ठेवलेली, काचांवर पाणी.

तो इथे बसून बघतो. मी बघायचो तसा.

दुपारी व्यवस्थापक आले. सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं. मी नीट ठरवून, शब्द जुळवून म्हणालो, त्या दिवशी मी गेलोच नव्हतो. ते म्हणाले, हो हो, गेला होतात, आम्हाला माहीत आहे ना. पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हो म्हणाले आणि पाठीवर हात ठेवला. हात काढला तेव्हा ओला होता. पँटला पुसला. म्हणाले, घाम फार येतो तुम्हाला.

त्यांना काय ऐकू गेलं? माझ्या तोंडून कोण —

बायकोला फोन केला. तेच. म्हणाली, कितीदा सांगशील, मला खात्री आहे.

इतके दिवस सांगता येत होतं आणि सांगितलं नाही. आता सांगतोय.

३१ ऑक्टोबर, रविवार

५.४० — धरणावरून फोन. दारं उघडली. वरची, खालची, दोन्ही. त्या दिवशीसारखंच.  तिकडून म्हणाले, लाल लावा.

५.४५ — लाल झेंडा चढवला. दोरी ओढली, गाठ मारली. संदेश — नोंदवून झालेला. "पाणी काल होतं तसंच आहे." हिरवा. माझा आवाज. आता माठातून नाही. अगदी स्वच्छ.

५.५५ — मुलीला फोन केला. उचलला. म्हटलं, उतरू नका, लाल आहे, नदी धावतेय. म्हणाली, हो, ऐकलं मी, हिरवा. निघालेच मी. म्हटलं, लाल. लाल. लाल. म्हणाली, थँक्यू, तुम्ही मुद्दाम फोन केलात. आईला आवडलं असतं.

आणखी चार वेळा लावला. उचलत नाही. गाडी चालवत असेल.

६.१० — धुकं. खिडकीतून झेंडा बघितला. हिरवा. गाठ माझीच, मी मारतो तशी.

नावाड्याचा फोन बंद. केंद्रात कुणी नाही. आठच्या आधी नसतंच.

६.२० — धुकं जरा विरलं. दुर्बीण. धक्क्यावर कुणीतरी आहे. माझा रेनकोट. वाकून पट्टी बघतोय. मग थर्मामीटर. मग तबकडी, सावकाश, दोरी हातावर गुंडाळत. एकही गोष्ट टाळत नाही. ठोकळा टाकला. तो दिसेनासा होईपर्यंत मी तीन मोजले. तीन.

त्याने काहीतरी लिहून घेतलं.

६.३० — मी अजून इथेच आहे. लिहितोय. खाली बाईंची मुलगी येईल आणि मी टेबलाशी बसून लिहितोय. पाय हलत नाहीत म्हणायचं तर तेही खोटं, हलतात. मी भितोय. तिथे गेलो तर त्याच्यासमोर — आणि तिच्यासमोर — आणि ती माझ्या तोंडाकडे बघेल.

फोनवर माझं बोलणं बदलतं. खोलीतही बदललं. पाण्यापाशी नसेल बदलत. तिथे मी कधी खोटं बोललेलो नाही. तिथे मी नसायचोच.

६.३६ — गाडी. तिची. पिवळी टोपी.

वही घेऊन निघालो. तोंडातून नाही निघालं तर लिहून दाखवीन.

बारावी पायरी. ती खाली पोचलीय. तो तिच्याशी बोलतोय. हात पसरून पाणी दाखवतोय. ती हसली — त्याने विनोद केला असणार.

हाक मारली. ओळखीचं माणूस असावं तसा हात हलवला तिने. मला नाही. त्याला.

पंचवीस. त्याने वर बघितलं. चेहरा माझा आहे. पण लाज नाही त्यावर, कुठेच नाही. किती बरा दिसतो.

ती बसून पाय पाण्यात सोडतेय.

चाळीस. एक्केचाळीस. तो बाजूला सरकला. मला जागा दिली, दोघांत, अगदी काठाशी. फळी ओली आहे. त्याचा हात माझ्या पाठीवर — थंड. ती वळली. बोलतो. बोलता येत नाहीये, तोंडात पाणी — लिहितो, वही तिच्यासमोर धरतो, मोठ्या अक्षरात, वाचा बाई, मी त्या सकाळी खाली